कमानीला कान लावणारी

शहरातल्या जुन्या काँक्रीटच्या पुलाखाली, दोरांना टांगलेल्या पाळण्यात बसून, हातात छोटी हातोडी घेऊन ती सव्वीस वर्षं कमानी ठोकत आली होती. बांधकाम खात्यात सगळे तिला ताई म्हणत. भरीव काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. तसं वाजलं की ताई तिथे खडूने गोल काढायची. सासूबाई शेजारणींना ऐटीत सांगायच्या, "आमची सून पुलाची नाडी बघते!"

पूल नव्वदीच्या पुढचा. बांधला तेव्हा सिमेंटवर कुणाचा भरवसा नव्हता. पहिल्याच पुरात विरघळेल म्हणून लोकांनी टिंगल केली होती. पण तिन्ही कमानी अंगावरचा भार खालच्या खडकात सोडून निवांत उभ्या राहिल्या.

मग नवे इंजिनिअर आले. मधल्या कमानीचे पोपडे निघालेले, गंजक्या सळ्या उघड्या पडलेल्या. बघताच ते म्हणाले, "हा पाडावाच लागेल."

ताईने हातोडीने कमानीवर एक खणखणीत ठोका मारून दाखवला. "साहेब, कातडं गेलंय. हाडं शाबूत आहेत."

"नुसत्या कानावर पूल चालत नाही, ताई."

"मग भोक पाडून बघा. तुम्ही म्हणाल तिथे."

साहेब हट्टी खरे, पण मनाचे मोकळे. त्यांनी मुद्दाम सर्वांत वाईट दिसणाऱ्या तीन जागा निवडल्या. यंत्राने मनगटाएवढ्या जाडीचे तुकडे कापून काढले. आत नदीतले गोटे सिमेंटमध्ये असे घट्ट रुतलेले, की नखाने खरवडून पाहताना साहेबांना हसूच फुटलं. प्रयोगशाळेतही तुकडे सहजासहजी फुटेनात.

शेवटची परीक्षा रविवारी सकाळी झाली. वाहतूक थांबवून वाळूने भरलेले आठ ट्रक मधल्या कमानीवर उभे केले. खाली मापकाचा काटा सरकला, कमान तीन मिलिमीटर दबली होती. भार उतरल्यावर ती परत वर आली, तरच पूल पास. ट्रक पुलावरून उतरले, काटा हळूहळू शून्यावर आला आणि साहेब वय, हुद्दा सगळं विसरून ओरडले, "वर आला! ताई, पूल वर आला!"

पाडायचा बेत बारगळला, दुरुस्ती ठरली. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः पाळण्यात येऊन बसले. "मलाही शिकवा."

ताईने हातोडी दिली. त्यांनी डोळे मिटून ठोका मारला आणि गंभीरपणे निकाल दिला, "पोकळ!"

"असणारच साहेब. तो पावसाच्या पाण्याचा पाइप आहे."

साहेब इतके हसले, की पाळणा गदागदा हलायला लागला आणि ताईला त्यांना दरडावून गप्प बसवावं लागलं.