जावयाच्या दुकानातला पंप

जोतीराम घाडगे गाडीचा कुठलाही नवा पार्ट हातात आला की आधी त्याला पारखतो. रबराचा असेल तर वास घेतो, लोखंडी असेल तर नखाने टिचकी मारून कानाशी धरतो, बेरिंग असेल तर डोळे मिटून बोटावर फिरवतो. गिऱ्हाईक घाईत उभं असतं, घड्याळ बघत असतं, पण याचं आपलं निवांत चाललेलं असतं. मालात खोट निघाली तर तो दोनच शब्द बोलतो, "परत द्या."

हा माणूस मूळचा आमच्याकडचा नाही. लोणंदच्या बाजूचा. बावीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ट्रक दुरुस्त करण्यात काढली, त्यातली चार लेहला. हवालदार होऊन निवृत्त झाला तेव्हा बायकोच्या आईवडिलांना बघायला कोणी नव्हतं, म्हणून बाडबिस्तरा घेऊन कडेगावात आला. लोकांनी घरजावई म्हणून चिडवून घेतलं. त्याने सासऱ्याचं शेवटपर्यंत केलं, सासूचं अजून करतोय, आणि विट्याच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून गॅरेज चालवतोय. चिडवणारे सगळे आता त्याच्याकडेच गाड्या नेतात. गावात त्याला जोतीराम कोणी म्हणत नाही, हवालदारच म्हणतात.

पार्टच्या बाबतीत एवढा कडक का, असं मी एकदा त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "तितं वर गाडी बंद पडली की आतला मानूस गारठून मरतो, आण्णा. बर्फ काय बिल बघत न्हाई."

त्याची आणखी एक रीत आहे. बदललेला जुना पार्ट तो वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. "तुमचा हाय, घरी न्या. खरंच बदलला का न्हाई ते बघा." माझ्या पशुखाद्याच्या दुकानामागच्या खोलीत अशा पुडक्यांचं एक पोतं भरलेलं आहे. बायको महिन्यातून एकदा त्या पोत्याचा उद्धार करते.

पोतं भरायला कारणही तसंच आहे. आमची गाडी २००८ सालची. पांढरी, डिझेलची, अडीच लाख किलोमीटर पळालेली. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून आणली, तेव्हा धाकटा भाऊ हसला होता. विकायला काढली तर भंगारवाला तरी घेईल का, अशी तिची किंमत, आणि दरवर्षी ती क्लच, सस्पेन्शन, रेडिएटर असं काही ना काही मागतेच. भावाचं एकच पालुपद, "दादा, हिच्यावर घातलेल्या पैशात दुसरी आली असती."

आली असती. पण त्या दुसरीत माझी आई बसली नसती.

आईला गाव आक्काताई म्हणतं. वय एक्याऐंशी. तीन वर्षांपासून तिची किडनी काम करत नाही आणि दर सोमवारी, गुरुवारी तिला सांगलीला डायलिसिसला न्यावं लागतं. गुडघे वाकत नाहीत. आताच्या उंच गाड्यांत तिला चढता येत नाही. दोन-तीन बघून आलो, प्रत्येक ठिकाणी आम्हा दोघांची फजिती झाली. आमच्या गाडीचं मागचं सीट नेमकं तिच्या बेताचं. ती पाठमोरी होऊन टेकते, मी पाय उचलून आत घेतो, आणि ती सीटवर पाय लांब करून, मागच्या काचेकडे तोंड करून रेलते. एका पावसाळ्यात पुलावर पाणी आलं आणि तिचं एक डायलिसिस चुकलं. दुसऱ्या रात्री तिला श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं, पुन्हा चुकवू नका. तेव्हापासून ही गाडी बंद पडता कामा नये, एवढं एकच मला कळतं.

हे सगळं कळत असूनही मी जे केलं ते सांगतो.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गाडीखाली पाणी ठिबकायला लागलं. हवालदार वाकून बघून म्हणाला, "वॉटर पंप गेलाय. ओरिजनल घ्या. अडीच हजारापर्यंत जाईल, पन ह्यात हात आखडू नका. इंजिन गार ठेवतोय त्यो."

त्याच आठवड्यात अक्षय्य तृतीया होती आणि आमच्या जावयाने, सम्मेदने, सांगलीत ऑटो पार्ट्सचं दुकान उघडलं. आमच्या जैन समाजात एक पद्धत आहे. लेकीच्या घरचं नवं दुकान निघालं की मुहूर्ताची खरेदी माहेरच्यांनी करायची. भाव विचारायचा नाही, माल उलटून बघायचा नाही, हसत हसत पैसे ठेवायचे. सकाळी आदिनाथांचं दर्शन झालं, उसाचा रस झाला, आणि मी सगळ्या व्याह्यांसमोर म्हणालो, "जावईबापू, आमच्या गाडीला वॉटर पंप द्या." सम्मेदने छान चकचकीत खोकं दिलं. वर भाव निम्म्याहून कमी. ब्राह्मी, माझी लेक, काऊंटरमागे उभी होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आयुष्यात एवढी चांगली खरेदी मी कधी केली नसेल.

दुसऱ्या दिवशी ऐटीत गॅरेजवर गेलो. हवालदाराने खोकं उघडलं, पंप फिरवला, टिचकी मारली, कानाशी धरला.

"परत द्या."

मी म्हटलं, "जावयाच्या दुकानातला आहे. मुहूर्ताचा."

"जावय चांगलाच आसंल, आण्णा. पंप चांगला न्हाई. बेरिंग हलकं हाय, आतला पंखा प्लास्टिकचा हाय. उन्हाळ्यात टिकायचा न्हाई."

आता मुहूर्ताला घेतलेली वस्तू सासऱ्याने परत कशी न्यायची? लेकीने सासरी मान वर कशी करायची? हे त्याला नीट समजावून सांगता आलं असतं. पण माझं डोकं तापायला फार वेळ लागत नाही. चार गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर मी म्हणालो, "ओरिजनलमध्ये तुमचं कमिशन सुटतं, म्हणून सांगताय काय, हवालदार?"

 हवालदाराने माझ्याकडे बघितलं, मग पाना उचलला आणि मुकाट पंप बसवला. जाताना पहिल्यांदाच त्याने पुडकं दिलं नाही. "जुना ऱ्हाऊ द्या माज्याकडं," एवढंच म्हणाला. हा आता तो भंगारात विकणार, असं माझ्या मनात आलं. बोललो नाही, पण माझ्या मनातलं तोंडावर दिसतं असं बायको म्हणते, म्हणजे त्यालाही दिसलं असणार.

चार खेपा निर्धोक झाल्या. प्रत्येक खेपेला घरी आलो की मी मनात हवालदाराला म्हणायचो, बघा, टिकला की नाही!

पाचवी खेप सोमवारची. साडेसहाला निघालो. विटा गाव मागे टाकून तासगावच्या रस्त्याला लागलो आणि पुढून कर्कश आवाज यायला लागला. बघतो तर तापमानाचा काटा लाल रेषेवर. गाडी कडेला घेईपर्यंत बॉनेटमधून वाफांचे लोट. आसपास झाड नाही, घर नाही. मी बॉनेट उघडून गाडीला, पंपाला, स्वतःला, जे तोंडात येईल ते बोलत होतो.

आतून आई म्हणाली, "जयपाल, वरडू नगंस. किती लांब हाय अजून?"

तिचा आवाज घोगरा होता. रविवारपासूनच तिच्या पायांवर सूज होती. नऊची वेळ होती, नऊ वाजता खुर्ची रिकामी राहिली तर दुसऱ्याला देतात. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ते म्हणाले तास लागेल. दोन गाड्या थांबल्या, दोन्ही उंच. आईला उचलून चढवायला गेलो तर ती कळवळली, म्हणून पुन्हा आपल्याच सीटवर टेकवली. मला रडू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात एक मोटारसायकल मागे येऊन उभी राहिली. हवालदार! मागे दोन पाण्याचे कॅन बांधलेले, खांद्याला खाकी पिशवी.

"तुम्ही इकडे कसे?"

"पार्ट आनायला चाल्लो व्हतो," तो म्हणाला आणि कामाला लागला. सकाळी साडेसातला पार्टचं कुठलं दुकान उघडं असतं, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

त्याने ओलं पोतं इंजिनवर टाकलं. गार व्हायला जेवढा वेळ द्यायला हवा तेवढा देणं शक्य नव्हतं, म्हणून हातांना ओली फडकी गुंडाळून त्याने तसेच बोल्ट सोडवले. एकदा मनगट तापल्या लोखंडाला लागलं. त्याने नुसता श्वास आत ओढला आणि दुसरा बोल्ट धरला. जावयाच्या पंपाचं बेरिंग खिळखिळं झालं होतं, पंखा वितळून वाकडा झाला होता. मग पिशवीतून त्याने आमचाच जुना पंप काढला. घासून चकचकीत केलेला, आत नवं ओरिजनल बेरिंग, नवं सील. गॅस्केटसुद्धा कापून आणलेलं. मी छत्री धरून आईजवळ उभा होतो आणि दर दोन मिनिटांनी किती वेळ, किती वेळ विचारत होतो. त्याने एकदाही चिडून उत्तर दिलं नाही.

पन्नास मिनिटं लागली. साडेनऊला आम्ही हॉस्पिटलात होतो. नर्सबाई रागावल्या, पण वाटेतून केलेल्या फोनमुळे खुर्ची ठेवली होती. आईला सुई लागली, मशीन सुरू झालं, आणि मी तिच्याजवळच्या स्टुलावर बसलो.

त्या पंपाची चौकशी पुढे झाली. सम्मेदलाही वरच्या व्यापाऱ्याने फसवलं होतं. पोरगा सरळ, त्याने तसला सगळा माल दुकानाबाहेर काढला आणि आता नवी खोकी आली की हवालदाराला बोलावून पारखून घेतो. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. चूक माझी होती, आणि ती किती मोठी होती हे मला त्या स्टुलावर कळलं.

दीडेक तासाने आईने डोळे उघडले. "जोतीरामानं काय खाल्लं का?"

"विचारतो."

"पाच खेपा झाल्या, रोज मागनं येतोय बिचारा. हितंपतोर येतो, झाडाखाली बसतो, परत मागनं घरापतोर. मी काचंतनं बघती की. हात केला तर हसतो. आज तेवडा विट्यापासनं मागं पडला व्हता." तिने माझा हात दाबला. "मला कळलं, तूच लावून दिलायस त्येला. मनात म्हनलं, माज्या लेकाला आईची किती काळजी हाय. प्रत्येक खेपंला म्हनलं."

मला तोंड वर करवेना. होय म्हणून मोकळा झालो असतो तर तिला आयुष्यात कळलं नसतं. पण नाही जमलं. सगळं सांगितलं. मुहूर्त, पंप, कमिशनचा शब्द, चार लोकांसमोर बोललो ते, सगळं. मी त्याला लावून दिलेलं नाही, तो येत होता हे मला ठाऊकच नव्हतं, हेही सांगितलं.

 मला वाटलं आता आई रागावेल.

"म्हंजी मी एवडं तुजं कौतुक केलं, ते त्येचं व्हतं की रं," ती म्हणाली. "जा, देऊन ये त्येला."

मी खाली गेलो. हवालदार कडुनिंबाखाली बसून मनगटावर थंड पाणी ओतत होता. आईचा निरोप जसाच्या तसा सांगितला. मग हात जोडले आणि म्हणालो, "हवालदार, त्या दिवशी मी फार वाईट बोललो. मला माफ करा. पण एक सांगा, पंप खराब आहे हे तुम्हाला माहीत होतं. मग बसवलात कशाला? नाही म्हणायचं होतं तोंडावर."

तो ओशाळून हसला. पाण्याची बाटली खाली ठेवली.

"न्हाई म्हनलो आसतो, तर तुमी रागानं दुसऱ्याकडं नेली आसती, आण्णा. त्येनं बसवलाच आसता," तो म्हणाला. "मग आक्काताईंच्या मागनं कोन आलं आसतं?"

मी तिथेच, त्या कडुनिंबाच्या पारावर, त्याच्या शेजारी बसलो आणि भर दिवसा, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत रडलो. त्याने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. वर आईचे अजून दोन तास बाकी होते.