सरांना ऐकवलेल्या ओव्या

हे मी कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही — तो तेव्हा अंथरुणाला खिळून होता, पण कान शाबूत होते त्याचे. मुलीला नाही. देवापुढं दिवा लावताना सगळं बोलते, तेवढं मात्र सोडून बोलते. आता नातीनं फोनमध्ये दाखवलंय, आपण बोललं की तो मराठी अक्षरं काढतो. ती कॉलेजला गेलीय. घरात मी आणि हा फोन. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही — तेच बरं.

कुठनं सुरू करू? लायब्ररीतनंच करते.

आम्ही इथले जुने. आजे-पणजे कुठल्या फौजेबरोबर आले म्हणतात, तेव्हापासनं बेंगळूरचेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. नवरा शिवाजीनगरात शिंपीकाम करायचा. एके दिवशी त्याची उजवी बाजू गेली, मशीन विकली, आणि मी कंत्राटदाराकडनं युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत झाडायला लागले. रडले नाही. रडून फरशी पुसली जात नाही.

आधी वाटायचं, लायब्ररी म्हणजे सुम्ने, नुसती पुस्तकांची खोली, दुसरं काय. पण झाडता झाडता कळत जातं. खाली कन्नड, कपाटं संपतच नाहीत. त्याच्यामागं संस्कृत, तमिळ, तेलुगू. उर्दूची पुस्तकं उलट्या बाजूनं उघडतात, ते मला धूळ झटकतानाच कळलं. एका खोलीत ताडपत्रं, लाकडी पट्ट्यांमधे बांधलेली. त्यांना गवती चहाचं तेल लावायचे. ती खोली झाडली की दिवसभर माझ्या पदराला तो वास. नकाशे, नाटकं, परदेशी मासिकं, पोरांचे प्रबंध काळ्या कापडात बांधलेले. हत्तीच्या आजारांवरचं एक पुस्तक होतं, चित्रं असलेलं! कुणी तेही लिहून ठेवलंय. आणि वर, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, एक मराठीचं कपाट. नेणारं कुणी नाही. तिथली धूळ सगळ्यात जाड.

सर तिथं भेटले.

ते पुण्याकडचे. सरकारी संशोधनाच्या नोकरीत इंजिनिअर म्हणून इथं आले, रिटायर झाले, सर्जापूर रोडला मुलाकडं राहायचे. रिटायर झाल्यावर त्यांना ओव्यांचं वेड लागलं — बायका जात्यावर म्हणायच्या त्या. आणि नेमकी तेव्हाच काचबिंदूनं नजर गेली. पुस्तक नाकाला लावून बसायचे. मुलानं फोनमध्ये वाचून दाखवणारं काहीतरी घालून दिलेलं, पण त्या जुन्या तुटक्या छपाईपुढं ते गप्प बसायचं. आणि लायब्ररीत मराठी वाचणारं कोण?

मी धूळ पुसताना एका पुस्तकाच्या पाठीवरचं नाव मोठ्यानं म्हणलं. ते वळले.

"बाई, तुम्हाला मराठी वाचता येतं?"

"येतं की."

इथं जरा थांबते.

येत होतं का मला? शाळा तिसरीपर्यंत, तीही कन्नड. मराठी अक्षरं वडिलांनी श्रावणात पोथीवर शिकवली. आणि आमच्या घरात पोथी वाचणं म्हणजे काय — पाटावर पोथी, ओळीवर बोट, आणि तोंडानं पाठ असलेलं म्हणायचं. आई असंच वाचायची, आजी असंच. बोट कधी मागं राहायचं, कधी पुढं पळायचं. कुणी चूक म्हणलं नाही. — हे सांगतेय म्हणजे सबब सांगतेय का? नाही हो. वाचणं वेगळं आणि म्हणणं वेगळं, हे मला कळत होतं. चांगलं कळत होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसायला लागले. खुर्चीवर, पंख्याखाली. त्या खुर्च्या मी रोज पुसायचे, बसले कधी नव्हते. पुस्तक जाडजूड, कुणी गावोगाव फिरून गोळा केलेल्या ओव्यांचं. पहिल्या दिवशी चार ओळी वाचता वाचता घाम फुटला. जोडाक्षर आलं की जीभ अडायची. सर वाट बघायचे — मान खाली घालून, काही न बोलता. ते गप्प बसणं मला सोसवेना. मग एकदा अशीच अडले, बोट ओळीवर, आणि तोंडातनं आईची ओवी निघाली —

दळण दळते बाई, नाचणी म्हणू का रागी
सासरच्या बोलीमंदी, स्वल्प स्वल्प झाले जागी

सरांचा हात हवेत थांबला.

"काय? काय? परत म्हणा."

परत म्हणलं.

"रागी! स्वल्प! हे तर कन्नड शब्द! अहो सुभद्राबाई, ही तर इथली ओवी. या पुस्तकात! आजवर कुणाला दिसली कशी नाही?"

जाड स्केचपेननं मोठाल्या अक्षरांत लिहून घेतली त्यांनी. चेहरा असा उजळला — काय सांगू. माझी आई रागी दळताना हे म्हणायची तेव्हा शेजारीण भिंतीपलीकडनं ओरडायची, अक्का, पुरे करा तुमचं रडगाणं. आणि इथं एवढा शिकलेला माणूस त्यालाच 'वा' म्हणत होता.

तेव्हाच सांगायचं होतं. एका वाक्याचं काम. सर, ही पुस्तकातली नाही, माझ्या आईची आहे. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर ते जास्तच खूश झाले असते, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, पुस्तकात नाही म्हणल्यावर तो 'वा' परत घेतील. आणि खुर्ची पण.

मग रोजचंच झालं. थोड्या पुस्तकातल्या, मधे एखादी आईची. आईच्या संपल्या तशा मी रचायला लागले, भांडी घासता घासता. त्यात मुद्दाम कन्नड शब्द घालायचे — सरांना ते आवडायचे ना. बघा, खोटं कसं गिऱ्हाइकाच्या मापानं शिवलं जातं. आणि लायब्ररीतल्या लोकांना मी सांगून ठेवलेलं, आजोबांना दिसत नाही, मी पानं उलटून देते. वाचते म्हणलं असतं तर हसले असते, झाडूवाली पंडित झाली म्हणून.

सरांनी त्यावर मोठा लेख केला. इथल्या मराठी बायकांच्या ओव्या त्या जुन्या पुस्तकात दडून बसल्यात, असं त्यांचं म्हणणं. सूनबाईंकडनं लिहून घेतला, युनिव्हर्सिटीच्या अंकात छापायचं ठरलं. मला म्हणायचे, "आयुष्य नोकरीत गेलं, सुभद्राबाई. नावाचं म्हणून हे एकच काम मागं राहील." मी हूं म्हणायचे.

छापायच्या आधी लोकसाहित्याच्या मॅडमनी ते पुस्तक मागवलं. त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी एक मराठी मुलगी होती, तिला सगळं चाळायला लावलं. त्या ओव्या तिला मिळतील कशा? नव्हत्याच.

मला मॅडमच्या खोलीत बोलावलं. मी दारातच उभी, हातात झाडू. सर खुर्चीत, टोपी मांडीवर. टेबलावर ते पुस्तक, आणि ती मुलगी. मॅडम कन्नडमधनं म्हणाल्या, अम्मा, सरांना हे तुम्ही वाचून दाखवलं का?

"यांनीच वाचलं," सर म्हणाले. "विचारा ना, पान काढून देतील." हसत म्हणाले ते. एवढी खात्री होती त्यांना माझी.

मी काय म्हणलं?

मी म्हणलं — "मला कुठलं वाचायला येतंय, मॅडम. मी झाडणारी. पानं उलटून द्यायचे, तेवढंच."

सगळ्यांना लगेच पटलं. का नाही पटणार? लायब्ररीतले बाकीचेही तेच सांगत होते.

सरांनी मान माझ्या आवाजाकडं वळवली. दिसत नव्हतं त्यांना, तरी मी खाली बघितलं. वाटलं आता बोलतील, आता माझं सगळं बाहेर काढतील. मग ते म्हणाले, "हो. बरोबर आहे. त्यांनी फक्त पानं उलटली. चूक माझी."

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, या वयात असं कशाला करायचं?"

त्यांनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली आणि उठले. रोज जिन्यावरनं मी हात धरून खाली न्यायचे. त्या दिवशी ती मुलगी घेऊन गेली. मी वरनं बघत होते. पायरी चुकली त्यांची एकदा.

नोकरी जाईल म्हणून घाबरले, असं तुम्हाला सांगू शकते. आजारी नवरा, घरात दुसरं कमावणारं नाही — तुम्ही मान पण डोलवाल. पण त्या वेळी नोकरी मनात आलीच नाही. लाज आली. ढोंगी ठरण्यापेक्षा अडाणी ठरणं सोपं वाटलं. एवढंच. आणि सरांनी मला झाकून घेतलं, तरी माझं तोंड उघडलं नाही. उलट — सुटले, असं वाटलं. हो, वाटलं. घरी जाऊन नवऱ्याला भात भरवला आणि स्वस्थ झोपले. झोप उडाली ती नंतर.

सर परत आले नाहीत. मी एकदा गेले सर्जापूर रोडला, दोन बस बदलून. तिथं नुसत्या बिल्डिंगी. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, कुणाकडं? काय काम? वर फोन करून विचारतो म्हणाला. मी म्हणलं, सरी, बरं, राहू दे. आणि आले परत. काय काम सांगणार होते त्याला? — पण सांगायचं होतं तर वॉचमनला नाही, सरांना सांगायचं होतं. नाही सांगितलं. आता ते आहेत की नाहीत, ते पण मी कुणाला विचारलेलं नाही.

त्या मुलीचा प्रबंध पुढं झाला. कन्नडमधला. काळ्या कापडात बांधून आला आणि मी झाडायचे त्याच कपाटात बसला. एकदा काढून बघितला. कन्नड मला हळू हळू वाचता येतं. सरांचं पूर्ण नाव होतं त्यात, आणि पुढं लिहिलं होतं, या गृहस्थांनी स्वतःच ओव्या रचून जुन्या पुस्तकाच्या नावावर खपवल्या, अशांपासून अभ्यास करणाऱ्यांनी सावध राहावं. मी धूळ पुसून तो परत जागेवर ठेवला. काम सोडलं तेव्हा तिथंच होता. आज पण असेल. नवी पोरं काढून वाचत असतील, त्यावरनं आणखी लिहीत असतील.

त्या ओव्या सरांनी रचल्या नाहीत. काही माझ्या आईच्या, बाकीच्या माझ्या. पुस्तकातल्या म्हणून मीच त्यांना ऐकवल्या. आणि विचारलं तेव्हा नाही म्हणलं.