कमलाबाईंचा फोल्डर

आमच्या शाळेतली सगळ्यात वयस्कर विद्यार्थिनी मागच्या वर्षी आजच्याच दिवशी गेली.

हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. कमलाबाई शाळेत खिचडी शिजवायच्या.

मोहर्ली गावाच्या अलीकडे, जंगलाला लागून आमची छोटी शाळा. शाळेला टॅब मिळाला तेव्हा मी फार उत्साहात होतो. प्रत्येक पोराच्या नावाचा एक डिजिटल पोर्टफोलिओ, म्हणजे टॅबमधला एक फोल्डर. त्यात अक्षराचा फोटो, चित्रं, वाचनाचं रेकॉर्डिंग. आपली प्रगती पाहून मुलं जोमानं शिकतील, असं मला वाटलं.

आणि मी घाई केली.

पहिल्याच महिन्यात सगळ्यांची रेकॉर्डिंग्ज वर्गात मोठ्यानं लावली.

तिसरीतली रोशनी घरी गोंडी बोलते. मराठी वाचताना अडखळली होती. पोरं खो खो हसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला.

रोवण्याचे दिवस, शेतोशेती भाताची लावणी चालू. मी बांधावर जाऊन तिच्या आईला भेटलो. ती म्हणाली, "येतच नाई म्हणते सर. माहा आवाज आयकून सगळे हासले म्हणते."

परत येऊन मी हे कमलाबाईंना सांगितलं. त्या तांदूळ धूत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या,

"तुमीच चुकले सर. खिचडी कच्ची असताना मी पोरायले वाढतो का?"

त्यांनी तांदळाचं पाणी ओतून दिलं.

"माह्या नावाचा बी फोल्डर करा," त्या म्हणाल्या. "दुसरीत शाळा सुटली माही. माह्याहून खराब कोनी वाचू शकत नाई."

त्या संध्याकाळी त्या रोशनीच्या घरी गेल्या. गोंडीत काय बोलल्या ते मला माहीत नाही.

सकाळी रोशनी आली. वर्गात नाही, थेट स्वयंपाकखोलीत.

टॅब तिच्या हातात. समोर कमलाबाई, दुसरीचं पुस्तक उघडून. पहिल्या ओळीला त्यांना पाच मिनिटं लागली. रोशनी मोठ्या बाईंसारखी म्हणाली, "घाबरू नको आजी. पुन्हा वाच."

त्याच दिवशी मी नियम बदलला. ज्याचा फोल्डर, त्यानंच उघडायचा. दाखवायचा की नाही, हेही त्यानंच ठरवायचं.

दर शनिवारी दोघींचं रेकॉर्डिंग व्हायचं. आजीला पुढचं पान शिकवायचं म्हणून रोशनी ते आदल्या दिवशीच वाचून ठेवायची. त्यात तिचंच वाचन सुधारत होतं, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या मात्र आलं होतं.

दिवाळीनंतर एक दिवस ती वर्गात उभी राहिली.

"सर, माहं जुनं लावा. मंग आताचं लावा."

"नक्की?"

"लावा न."

दोन्ही लावली. या वेळी कुणी हसलं नाही. मागून एक पोरगा ओरडला, "सर, माहं बी लावा!" मग सगळेच. खिचडी थंड झाली त्या दिवशी. कमलाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

मागच्या वर्षी दोन दिवसांचा ताप आला आणि त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर त्यांचा मुलगा शाळेत आला. सफारीची जिप्सी चालवतो. आईची ताटली, चमचे न्यायला आला होता. मी त्याला टॅब दिला.

तो व्हरांड्यात उभ्यानंच ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे माय आहे? माय वाचे?"

"हो."

"घरी कागद आला का मलेच वाचाले लावे ते. मले सांगितलं काऊन नाई?"

बाजूला उभी असलेली रोशनी हळूच म्हणाली,

"पुस्तक पुरं झाल्यावर सांगणार होती, काका. चारच पानं रायली होती."

त्यानं डोळे पुसले. तिला म्हणाला, "मंग ते चार पानं तू वाचून दाखव. मी बसतो."

आणि तो पोरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसला.

कमलाबाई, शिक्षक मी होतो, पण शिकवलं तुम्ही.

मनापासून नमस्कार, बाई.