झुंबरबाईचा फ्रीज

आमच्या गावातल्या झुंबरबाईकडे फ्रीज आहे. तशी सरकारी नोंद मीच केली आहे.

झुंबरबाई वीस वर्षं रामहरीच्या पेरूच्या बागेत मजुरीला जाते आणि कुडाच्या खोपटात राहते. एका उन्हाळ्यात रामहरीचा मुलगा अंगद टेम्पो घेऊन आला. बागेतल्या शेडमधला जुना फ्रीज तिच्या दारात उतरवून म्हणाला, "ठेव मावशी, तुला हुईल." खोपटात वीज नव्हती. तिनं त्यात बाजरी, रेशनकार्ड आणि नवऱ्याचा फोटो ठेवला. उंदरांचा बंदोबस्त झाला म्हणून ती अंगदचं कौतुक करत गावभर फिरली.

आठच दिवसांनी घरकुलाचा सर्वे आला. असली कामं शिक्षकांच्याच गळ्यात पडतात. फॉर्मवर प्रश्न होता, घरात फ्रीज आहे का? असला तर घरकुल नाही.

"हाय की गुर्जी," म्हणत तिनं फ्रीजचं दार उघडून बाजरी दाखवली.

तो चालतो का, असं फॉर्म विचारत नव्हता. मी 'होय'वर खूण केली. नियमाला चोख असण्याचा मला तेव्हा अभिमान होता. आता लाज वाटते.

त्याच दुपारी अंगदचा फॉर्म भरला. जमीन आणि बंगला वडिलांच्या नावावर. तो कागदोपत्री विभक्त होऊन बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता. तिथं फ्रीज नव्हता. कोपऱ्यात जमिनीवर फक्त त्याचा चौकोनी डाग होता. डागासाठी रकाना नव्हता.

यादीत अंगद आला, झुंबरबाई गळाली.

"त्यात बाजरी हाय, गारवा न्हाई, सांगा की त्यांना," ती म्हणाली. मी तालुक्याला जाऊन सांगितलं. साहेबांनी फॉर्मवरची माझी सही मला दाखवली आणि चहा मागवला.

वर्षभरात अंगदचं घर झालं. त्याच्या विटा झुंबरबाईनंच वाहिल्या. रंग वाळला आणि अंगद पुन्हा टेम्पो घेऊन तिच्या दारात आला. मी तिथं तिचा नवा अर्ज लिहीत बसलो होतो.

"मावशी, तेवढा फ्रीज दे. जनावरांची औषधं ठेवायचीत."

ती बाजरी पाखडत होती. हातातलं सूप थांबलं नाही.

"न्हाई वो दादा, आता न्हाई देता यायचा. सरकारनं माझ्या नावावर लिवलाय. इचारा गुर्जींना."

अंगदनं माझ्याकडं पाहिलं.

"नोंद आहे," मी म्हणालो. "सही माझीच आहे."