मोऱ्याच्या घराबाहेर

"आदी गप्पा, मग कागद," असं म्हणून ते पेनाला टोपण लावत आणि पेन चक्क खिशात ठेवून देत. मुलाखत घ्यायला बसलेल्या माणसाने पेनच ठेवून द्यावं, हे मला पहिल्या दिवशी मुळीच आवडलं नाही.

मुलांनो, नव्वदीच्या सुरुवातीला पनवेलला एसटी स्टँडामागच्या दोन खोल्यांत एक अभ्यास चालू होता. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष कसे राहतात, कुणाबरोबर राहतात, तब्येत कशी सांभाळतात, याची माहिती गोळा करायची. इंग्रजी प्रश्नांचं मराठी करणं आणि भरलेले फॉर्म तपासणं माझ्याकडे होतं. लोकांना भेटून फॉर्म भरून आणत, ते हे पेन खिशात ठेवणारे. आपटा गावचे, चाळिशीचे, पूर्वी शिंपीकाम केलेले. स्वतःही त्यांच्यातलेच, म्हणून लोक त्यांच्यापाशी मोकळं बोलत.

माझ्या भाषांतरातला 'लैंगिक सहचर' वाचून त्यांना हसता हसता ठसका लागला.

"बाई, हा कोन? सरकारी मानूस हाय काय?"

"मग तुम्ही काय म्हणता?"

"आमी नावानं हाक मारतो."

मी शब्द बदलला.

ज्याला ते नावाने हाक मारत, तो मोरा बंदरातल्या लाँचवर कामाला होता. नऊ वर्षांची सोबत. मग तो आजारी पडला. त्या आजाराचं नाव तेव्हा लोक कुजबुजत घेत. भावांनी त्याला घरी नेलं आणि यांना बजावलं, इकडे फिरकू नकोस.

"बाई, तुमी चला संगती," एका दुपारी ते म्हणाले. "तुमाला कोन आडवनार नाय. मला फकस्त एकदा बघायचंय."

आम्ही मोऱ्याला गेलो. भाऊ समुद्रावर होते. दारात त्याची आई. तिने यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"ह्ये कोन?"

कुणाचं गुपित कुणाच्या घरी बोलायचं नाही, हा आमचा सगळ्यात कडक नियम. मीच तो टाइप करून भिंतीला चिकटवला होता.

"आमच्या ऑफिसातले," मी म्हणाले.

"मग बसू दे त्याला भाईर. आजारी मानसाजवल गर्दी नको."

'त्यांनाही आत येऊ द्या' एवढं म्हणायला कुठलाच नियम आड येत नव्हता. मला ते सुचलं नाही.

आत तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी हवापाण्याचं काहीबाही बोलत राहिले. तेवढ्यात खिडकीबाहेरून यांचा आवाज आला. जाळं विणणाऱ्या एका म्हाताऱ्याशी गप्पा चालल्या होत्या. बोंबलाचा भाव, लाँचच्या वेळा, जाळ्याची भोकं. इतक्या मोठ्याने, की म्हातारा ओरडला, "आरं, मी बहिरा नाय!"

खाटेवरचा माणूस हळूहळू खिडकीकडे वळला. मी वाक्य अर्धंच सोडलं.

आई बाहेर चहा घेऊन गेली. यांनी कप खाली ठेवला आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.

"आगं बाय!" ती हसली. "च्यासाठी कोन पाया परतो?"

आठ दिवसांनी तो गेला. ते पुन्हा कामावर आले नाहीत. मी आपट्याला दोनदा निरोप पाठवला. घराला कुलूप होतं. त्यांची माफी मागायची राहिली, ती राहिलीच.