जफर मास्तरांचं ऊन

दारव्ह्यात माणसाची किंमत सावलीवरून ठरायची. ज्याच्या ओट्यावर दुपारभर सावली तो सेठ, ज्याला ती दुसऱ्याच्या ओट्याला टेकून मिळायची तो कारकून, आणि ज्याला मिळायचीच नाही त्याच्याबद्दल कोणी बोलत नसे. अशा गावात जफर मास्तरांनी उन्हाची बाजू घेतली. ती त्यांना झेपली असं म्हणता येणार नाही.

ते रहमत टिनवाल्याचे चिरंजीव. बाप बाजाराच्या तोंडाशी बसून फुटक्या बादल्यांना डाख द्यायचा. पोरगा बाहेरगावी शेतकीच्या शाळेत शिकून आला आणि सत्तावन्न साली गावातल्या शाळेत शेतकी शिकवायला लागला. तेव्हा नुकताच वरून कागद आला होता, की शहरगावच्या शाळांनीही आवारात भाजीपाला पिकवावा. कागद काढणाऱ्यानं ते आवार पाहिलं नव्हतं. शाळेच्या मागे मुरमाची एक मोकळी जागा होती. कुदळ मारली की कौलांचे तुकडे निघायचे. मास्तरांनी जमिनीचा नाद सोडला. बापाच्या दुकानातून घासलेटचे जुने डबे आणले, ते आडवे कापले, शेणखत-माती भरली आणि पोरांकडून मेथी, पालक, मुळा लावून घेतला.

"शहरात जमीन नसते, ऊन असते," ते वर्गात म्हणायचे. "अन् ऊन अजून कोणाच्या नावावर चढलं नाही."

पालकांना हे मुळीच आवडलं नाही. तहसिलीतला एक कारकून शाळेत येऊन म्हणाला, "आम्ही पोट्ट्याले वावरातून काढून शाळेत घातलं, अन् तुम्ही त्याच्या हातात पुन्हा शेणच देता?" मास्तर म्हणाले, "शेण त्याच्या हातातच आहे, डोक्यात जाऊ नये म्हणून शिकवून राह्यलो." कारकून पुन्हा आला नाही, पण ते वाक्य गावभर फिरून आलं.

त्यांचा धडा एकच होता: उजेड. एक डबा खिडकीजवळ ठेवायचा, रोप काचेकडे वाकलं की डबा फिरवायचा, रोप पुन्हा वळतं का ते पाहायचं. एक डबा सकाळच्या उन्हात, एक दुपारच्या, एक पडवीत. पोरं फूटपट्टी घेऊन रोपांची उंची मोजत आणि फळ्यावर लिहीत. मोजायला त्यांना आवडे. पाहायला आवडत नसे.

"पानात हिरवं कुठून येते?"

"मातीतून, गुर्जी."

"माती काळी आहे बे. मंग पान काळं काहून नाही?"

मग मास्तर वकिलाच्या पोराकडे बोट दाखवत. "हा पाहा. हा कोपऱ्यात बसते, म्हणून पिवळा पडला. खिडकीपाशी ये लेका, दोन पानं फुटतीन." वर्ग हसायचा. वकिलाचा पोरगा घरी जाऊन सांगायचा. अशा रीतीनं मास्तरांनी उजेडाबरोबर गावातलं एकेक घरही अंगावर घेतलं.

गावाबद्दलचा त्यांचा तिरस्कार खरा होता, पण आळशी होता. समोरच्याला मूर्ख ठरवलं, की त्याला समजावून सांगायचे कष्ट वाचतात. मास्तरांनी ते कष्ट आयुष्यभर वाचवले.

अठ्ठावन्नच्या पावसाळ्यात शाळेच्या कमेटीचे अध्यक्ष व्यंकटसेठ कोंडावार यांना गोदामासाठी जागा हवी झाली. सेठचा कापसाचा व्यापार होता आणि शाळेच्या आवाराच्या दक्षिणेकडची पट्टी त्यांच्या जिनिंगच्या कारखान्याला लागून होती. पट्टी कमेटीनं त्यांना द्यावी, बदल्यात त्यांनी शाळेला दोन खोल्या बांधून द्याव्यात, असा ठराव निघाला. मास्तर सभेत उभे राहिले. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेनं जातो, उंच गोदाम झालं तर त्याची सावली सगळ्या आवारावर पडेल आणि भाजीचे डबे मरतील, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

"सावली आली तर बरंच आहे ना," एक सभासद म्हणाले. "पोट्टे सुखानं बसतीन."

"पोट्टे बसतीन, मेथी बसणार नाही," मास्तर म्हणाले. "तुम्हाले बोलून समजणार नाही. मी दाखवतो."

दाखवायचा दिवस नवरात्रातला ठरला, कारण दसऱ्यानंतर कापूस बाजारात यायला लागतो आणि मग कमेटीतला माणूस बापाच्या मयतीलाही उशिरा पोचतो. मास्तरांनी लवकर उगवतो म्हणून गहू घेतला. दोन सारखे डबे, सारखी माती, सारखं पाणी. एक डबा आवारात उन्हात. दुसरा सामानाच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे, दार लावून.

पाणी घालायचं काम शाळेच्या शिपायाकडे होतं. धावजी त्याचं नाव, जवळच्याच बंजारा तांड्यावरचा. खोलीतल्या गव्हाला कोंब फुटले तसा तो चपला बाहेर काढून आत जायला लागला.

"हे काय नाटक?" मास्तरांनी विचारलं.

"तीजेच्या सणाचा गहू असाच असते, मास्तर. आमच्या तांड्यावर पोरी टोपलीत वाढवतात. जिचा उंच झाला तिचं चांगलं होते म्हणतात. गावातले लोकं घटापाशी वाढवतात तोही असाच. पिवळा."

"मंग?"

"मंग काही नाही. म्हटलं, सांगून ठेवावं."

"तू पाणी घाल," मास्तर म्हणाले.

धावजीनं पाणी घातलं. मास्तरांना वाटलं, शिपायाशी कशाला डोकं लावायचं.

नवमीच्या दुपारी कमेटी आली; वर्गही आवारात उभा होता. घरोघरचे घट नुकतेच उठले होते. पाच टोप्या, आणि पाचही टोप्यांत घटाच्या पिवळ्या गव्हाचे तुरे खोवलेले. मास्तरांनी ते तुरे पाहिले. त्यांचा अर्थ काय होणार आहे हे गावातल्या कोणत्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. मास्तरांना कळलं नाही, कारण ते तुऱ्यांखालच्या डोक्यांची कीव करण्यात गुंतले होते.

आधी उन्हातला डबा दाखवला. गहू बोटभर, जाड, गडद हिरवा. कमेटीनं मान हलवली; असला गहू त्यांनी जन्मभर वावरात पाहिला होता. मग मास्तरांनी सामानाच्या खोलीचं दार उघडलं.

आतला गहू वीतभर झाला होता. फिकट पिवळा, रेशमासारखा, दारातून आलेल्या वाऱ्यानं सगळा एकदम हलला. व्यंकटसेठनी चपला काढल्या आणि हात जोडले. मागच्या चौघांनी जोडले.

"वा मास्तर," सेठ म्हणाले. "शाळेत घट बसवला. आमच्या घरी एवढा उंच कधी झाला नाही."

"हा घट नाही सेठ. हा रोगी आहे. उपाशी आहे. उजेड शोधत शोधत लंबा झाला, अंगात काही नाही त्याच्या."

टोप्यांखालचे चेहरे आवळले. आज सकाळी ज्याची आरती केली त्याला हा माणूस रोगी म्हणत होता. एकानं हळूच म्हटलं, "सणाच्या दिवशी तरी तोंड सांभाळा."

"मले एक सांगा रे पोरंहो," सेठ वर्गाकडे वळून गोड आवाजात म्हणाले. "उंच कोणता?"

पोरांना मोजायलाच शिकवलं होतं. पट्टी लागली. "खोलीतला, सेठजी." आवाज एकसुरात आला, पाठ असल्यासारखा.

"मंग सावलीत वाढते म्हणा की."

"चार दिवस थांबा," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "चार दिवसांत हा सगळा आडवा होते. सडते. मंग बोला."

"चार दिवस कोण थांबते? दसऱ्याले तर उपटाचाच असते," सेठ म्हणाले, आणि मूठभर तुरे उपटून त्यांनी एकेकाच्या टोपीत वाढवले.

हेच ते. पिढ्यान् पिढ्या हा पिवळा गहू या गावानं वाढवला होता आणि दसऱ्याच्या पुढे एकदाही जगू दिला नव्हता. तो पुढे कसा मान टाकतो, कसा बुरसतो, हे कोणीच पाहिलं नव्हतं. मास्तरांनी संबंध वर्षातला नेमका तोच दिवस निवडला होता. अंधाराची लबाडी पकडायला ते निघाले आणि ती सर्वांत देखणी दिसते तेव्हाच तिला सभेपुढे घेऊन आले. "तुम्ही माणसं नाही, टोप्या आहात," असं शेवटी ते म्हणाले. त्यावर सभा संपली. ठराव दिवाळीआधीच्या बैठकीत घ्यायचं ठरलं.

घरी बायकोनं, अकीलानं, सगळं ऐकून घेतलं. तिला गव्हाचं काही वाटलं नाही.

"दुकान पे गाहक को ऐसा बोलते तो अब्बा भूखे मरते," ती म्हणाली. "अभी ठराव हुआ नहीं ना? जाओ, ठंडे दिमाग से बताओ."

मास्तर चार दिवस फणफणले. दरम्यान खोलीतला उरलेला गहू त्यांनी सांगितल्याप्रमाणे आडवा झाला, त्याला वास यायला लागला. पुरावा हातात आल्यावर त्यांना धीर आला. तो डबा फडक्यात झाकून ते सेठच्या गादीवर गेले आणि फडकं काढलं.

सेठनी नाकाला उपरणं लावलं. "हे मले कायले दाखवता, मास्तर?"

"मी म्हटलं होतं ते खरं झालं म्हणून."

"ते खोटं आहे असं मी कधी म्हटलं? माह्या बापानं बोरीच्या शिवारात नांगर धरला. निंबाच्या सावलीत कापसाची पऱ्हाटी लागत नाही, हे मले मालूम नसन?"

मास्तरांनी डबा पुन्हा फडक्यानं झाकला. "मंग त्या दिवशी हात काहून जोडले?"

"तुम्ही मले पाच माणसांत अडाणी ठरवाले निघाले होते. मी हात जोडले, माह्या बाजूनं देव उभा राह्यला. तुम्हाले वाटलं, हा ढोर आहे." सेठ हसले नाहीत. "एकटे आले असते, म्हटलं असतं, सेठ, भिंत चार हात मागं घ्या, पोरांची भाजी मरते. घेतली असती."

घेतली असती की नाही कोण जाणे. सेठनी आजवर कुठलीही भिंत मागे घेतल्याचं गावाला माहीत नव्हतं. पुढे सरकवलेल्या मात्र पुष्कळ होत्या. पण मास्तरांच्या वरचढपणाचा पायाच त्या वाक्यानं काढून घेतला. ज्यांना ते अडाणी समजत होते ते अडाणी नव्हते. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्याची त्यांना पर्वा नव्हती. अज्ञानाशी भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला हे फार जड गेलं.

"आता म्हणतो," मास्तर म्हणाले. "भिंत मागं घ्या."

आयुष्यात त्यांनी कोणाला केलेली ही पहिली विनंती असावी. ती करायची सवय नसल्यानं ती हुकमासारखी वाटली.

"आता पायवा खंदला," सेठ म्हणाले, आणि मुनीमाकडे वळले.

ठराव व्हायच्या आधीच पाया खणला गेला होता. ठराव नंतर एकमतानं झाला. पौषात गोदाम उभं राहिलं आणि त्याची सावली आवारभर येऊन बसली. डब्यांतली मेथी लांबट, फिक्की, एकमेकींच्या अंगावर रेलून वाढायला लागली. वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांनी ती पाहून समाधान व्यक्त केलं. नव्या दोन खोल्यांत पोरं खरंच सुखानं बसली.

मास्तर सुखानं बसले नाहीत. शाळेच्या पुढचा रस्ता पूर्वेला होता. तिथं सकाळचं ऊन थेट पडायचं. त्यांनी डबे रस्त्यावर मांडायला सुरुवात केली. पहिल्या तासाला वर्ग डबे उचलून शाळेबाहेर, ऊन कललं की परत आत. बैलगाड्या अडत, गाडीवान शिव्या देत, मास्तर त्यांना उजेडाबद्दल सांगायला जात आणि शेवटी शिव्याच देत. साठ साली, एकसष्ट साली, हेच. पंचायतीच्या नोटिसा आल्या. मास्तर त्या वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि व्याकरण सुधारायला लावायचे.

एकदा शेजारच्या सुग्राबीची बकरी सुटली. वर्ग आत फळ्याशी होता. रस्त्यावर हिरव्यागार मेथीचे डबे होते आणि आवारातल्या सावलीतून त्या दिवशी पहिल्यांदाच बाहेर काढलेले, फिक्के. बकरीनं हिरवे सफा केले. फिक्क्या डब्यांना तिनं एकदा नाक लावलं आणि पुढे गेली. मास्तर छडी घेऊन धावत आले तोवर सुग्राबी दारात उभी होती.

"तुमची बकरी बांधता येत नाही?"

"बांधते ना. पर मास्तर, तिले काय चांगलं अन् काय वाईट, बराबर समजलं," सुग्राबी म्हणाली. "तिले कमेटीत घेऊन टाका."

पोरं खिडकीतून हसली. मास्तर हसले नाहीत. छडी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. मग त्यांनी वर्गाला बाहेर बोलावलं, फूटपट्ट्या आत ठेवायला सांगितल्या आणि विचारलं, "तिनं हे काहून सोडलं?"

एका पोरानं फिक्क्या मेथीचं पान तोडून तोंडात टाकलं, चावलं आणि थुंकलं.

"पाणीच लागते, गुर्जी."

"सगळ्यांनी चावा," मास्तर म्हणाले. "अन् हिरवं आता खाऊन झालं. ते पुन्हा पेरा, उद्या बाभळीचे काटे आणा. इथं राखण करावी लागन."

पोरं चावत होती, थुंकत होती. मागून एक बैलगाडी आली आणि गाडीवानानं रस्ता द्या म्हणून ओरडायला सुरुवात केली. मास्तर जागचे हलले नाहीत.