न झिजलेली साखळी

२०१३ साल. तो सव्वीस वर्षांचा होता. माझ्या गॅरेजमध्ये आला की सायकल भिंतीला टेकवायचा, दोन बोटं मनगटावर ठेवायचा आणि घड्याळाकडे बघत उभा राहायचा. नाडी जितकी संथ तितका दम मोठा, हे त्याचं गणित. मग म्हणायचा, “अठ्ठेचाळीस. स्वीट अ‍ॅज, काका.” सगळं झकास असलं की इथली पोरं असं म्हणतात.

मी चौथी शिकलेला माणूस. नाशकात चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवलं. म्हातारपणी न्यूझीलंडात पामर्स्टन नॉर्थला मुलाकडे आलो आणि त्याची गाडी बाहेर काढून गॅरेजात पाने-पकडी मांडल्या. मुलगा चिडला. चिडू दे. हा सायकलवाला पोरगा मागच्या गल्लीत राहायचा. पुण्याहून शिकायला आला आणि शर्यतीत शिरला. एका टीमने पगारावर ठेवलं होतं, तरी सायकलीला माझ्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही. “काकांच्या हाताची सर कुणाला नाही,” म्हणायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

शर्यतीत मात्र यथातथाच. चाळिसावा, पन्नासावा. “चढ मला खातो, काका.” टीमने बजावलं होतं, या मोसमात पुढे दिसला नाहीस तर करार संपला.

त्या उन्हाळ्यात त्याने एक निळा डबा आणला. गॅरेजातल्या जुन्या फ्रिजमध्ये माझं इन्शुलिन असायचं.

“व्हिटॅमिनची इंजेक्शनं आहेत. आमच्या फ्लॅटच्या फ्रिजमध्ये जागाच नसते. ठेवू?”

डब्यावर सगळं इंग्रजी. मला इंग्रजी येत नाही, आणि ते मी इथे कुणाला कळू दिलं नव्हतं. वेळ आली की चष्मा घरात राहिला म्हणायचो. डबा लांब धरला, वाचल्यासारखं केलं, मान हलवली. “ठेव.”

महिन्याभरात तो चौथा आला. मग पहिला. पवनचक्क्यांच्या चढावर सगळ्यांना मागे टाकून एकटाच वर. इथल्या मराठी मंडळींनी सत्कार केला. शाल मीच त्याच्या अंगावर घातली.

पण तुमच्यापैकी ज्यांनी हातात पाना धरलाय त्यांना सांगतो. मेहनत वाढली की साखळी जास्त झिजते. आधी तो दोन महिन्यांत साखळी संपवायचा. आता चौथा महिना, मी मापपट्टी लावली तर ती कड्यांत शिरेना, म्हणजे साखळी झिजलीच नव्हती. सायकल तर एकच, तीही माझ्या हाताखालची. पोरगा पूर्वीपेक्षा कमी चालवत होता आणि डोंगर पळत चढत होता. तोंड लालबुंद. डोकं दुखतं म्हणायचा. मनगटावर बोटं: “एक्केचाळीस.”

चार दिवस तसेच जाऊ दिले. मग सुनेपुढे डबा ठेवला. ती नर्स आहे. “एवढं वाच.”

तिने वाचलं. “बाबा, हे किडनीच्या पेशंटना रक्त वाढायला देतात. धडधाकट माणसाचं रक्त याने दाट होतं. झोपेत हृदय बंद पडू शकतं. हे कुणाचं?” मग हळूच, “इतके दिवस तुम्ही वाचलं नाहीत?”

डबा कुणाला देऊ नका, मी बघते, म्हणाली.

संध्याकाळी तो आला. मी म्हणालो, “डोंगर तू तुझ्या पायांनी चढत नाहीस.”

“काका, हीप्स लोक घेतात, ढिगाने. रविवारी युरोपची टीम मला बघायला येतेय. एवढी एकच शर्यत. डबा द्या.”

“मरशील.”

“मग ठेवून घेतलात कशाला? वाचून ठेवलात ना?” माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं. “काका, तुम्हाला वाचताच येत नाही!”

तो हसला. वाईट हसला नाही. पण हसला.

मी फ्रिज उघडला आणि डबा त्याच्या छातीवर आपटला. “घे आणि चालता हो.”

रविवारी तो जिंकला. युरोपच्या टीमने नेला. चार महिन्यांनी तिकडच्या एका खोलीत सकाळी तो उठलाच नाही. कारण कळलं नाही, असं टीमने सांगितलं. सून त्यावर माझ्याशी बोलत नाही. मीही नाही.

मला आठवते ती डबा दिला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. गॅरेजचं दार वर केलं तर तो सायकल धरून उभा. रोजच्यासारखी भिंतीला टेकवली, मनगटावर बोटं ठेवली, घड्याळाकडे बघत राहिला.

“अडतीस.”

स्वीट अ‍ॅज म्हणाला नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला. मी खाली बसलो, न झिजलेली ती साखळी उतरवली आणि रविवारसाठी नवी घालून दिली.